उखा नानांची अंबाडी

माती तपासून घ्यायला येणारा शेतकरी सहसा प्रश्न विचारत नाही. पिशवी टेबलावर ठेवतो, फॉर्म भरतो, "कधी येऊ?" म्हणतो आणि जातो. पुष्कळदा रिपोर्ट न्यायलाही येत नाही. जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत अशा न नेलेल्या रिपोर्टांचा एक गठ्ठाच आहे. उखा नाना त्याला अपवाद होते. ते रिपोर्ट न्यायला यायचे, तिथंच उभं राहून वाचायचे आणि मग त्याच्याशी भांडायचे.

नाना जाऊन आता दीड वर्ष होईल. धरणगावजवळच्या एका खेड्यात त्यांची कापसाची शेती. उंच, वाळके, कानांवर केस, डोक्यावर टोपी. ती टोपी कधीकाळी पांढरी असावी असा नुसता संशय घेता येई. वय विचारलं तर म्हणत, "कसानं? गुडघासनं का दातसनं?" आणि खरोखरच दोन वेगवेगळे आकडे सांगत.

पहिल्यांदा आले तेव्हा माती पिशवीत नव्हती, जेवणाच्या स्टीलच्या डब्यात होती. मी म्हटलं, "नाना, डबा घासून घेतला होता ना? नाहीतर रिपोर्टात तिखटमीठ निघेल." त्यांनी माझ्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही. ते माझ्या यंत्राकडे बघत होते.

"साहेब, हाई यंत्रले मातीना वास येस का?"

"नाही."

"मंग त्याले निम्मंच समजस."

असं म्हणून त्यांनी डब्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि सांगितलं, "जराशी खारट शे. पन संसार करासारखी शे." मी हसलो. यंत्र लावलं. क्षार थोडे जास्त निघाले, फार नाही. मला ते काही आवडलं नाही. दोन वर्षं शिक्षण, बारा वर्षं नोकरी आणि हा माणूस जिभेनं माझं पोट मारणार.

पुढच्या खेपेला मी त्यांची गंमत करायची ठरवली. आदल्या दिवशीचे तीन नमुने घेतले. एक नशिराबादचा, एक तापीकाठचा आणि एक पार साक्रीकडचा. ते एकत्र कालवून वाटीत घातले आणि नानांसमोर धरले. "सांगा, कशी आहे?" नानांनी जिभेवर घेतली. तोंड वाकडं केलं. पुन्हा घेतली.

"हाई कोनी माती शे?"

"एका शेतकऱ्याची."

"एकनी नही. हाई दोन-तीन जनसनी शे," नाना म्हणाले, "अन त्यासनं आपसमा पटत नही." त्या दिवसापासून आमची दोस्ती झाली. ते मला साहेब म्हणायचं सोडून भाऊ म्हणू लागले आणि मी त्यांना रिपोर्टाबरोबर चहा द्यायला लागलो.

विचारणं हे नानांचं व्यसन होतं. तंबाखूला स्पर्श नव्हता, पण दिवसातून वीस-पंचवीस प्रश्न पोटात गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एसटीत कंडक्टरला विचारत की ब्रेक दाबल्यावर माणसं पुढं का जातात, टोपी का जात नाही. केळीच्या ट्रकवाल्याला विचारत की दिल्लीच्या माणसाला आपल्या केळ्याचा वास येतो की गाडीतल्या डिझेलचा. उत्तर मिळालंच पाहिजे असा हट्ट नव्हता. "इचारानं आपलं काम. सांगानं त्यानं काम. दोन्ही कामे आपनच काबरं करानं?" असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं.

या सवयीनं ते शिव्याही खात. आमच्याकडे कुणी वारलं की लोक दारावर जातात, म्हणजे त्या घरी बसायला जातात. गावातल्या एका गृहस्थाच्या दारावर नाना गेले. सगळे मुलाला विचारत होते, कसं झालं, किती वाजता छातीत दुखायला लागलं, डॉक्टर काय म्हणाले. नानांनी विचारलं, "तुन्हा बापनी ते बोरनं कलम कोठून आनेल व्हतं रे?" लोकांनी डोळे वटारले. एकानं तर नानांना हाताला धरून बाहेर आणलं. पण तो मुलगा पुढे मला कामानिमित्त भेटला तेव्हा म्हणाला, "तेरा दिवसांत शंभर लोक आले. त्यांतले नव्व्याण्णव हार्ट अटॅकबद्दल बोलले. माझ्या बापाबद्दल फक्त नाना बोलले."

आता त्या अंबाडीकडे येतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात नाना एक वेगळीच माती घेऊन आले. तांबूस, खडे असलेली. धरणगावची नव्हती हे मलासुद्धा जीभ न लावता कळलं. ती यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या सव्वा एकराची होती. इंदूअक्का, म्हणजे नानांची बायको, आईबापांची एकुलती. तिच्या वडलांचं ते वावर तिच्याकडे आलं होतं. तीन बाजूंनी जंगल, चौथ्या बाजूला नाला. लग्नानंतर कधीतरी नानांनी अक्काला शब्द दिला होता की तुझ्या बापाच्या वावरातून तुझ्या हयातीत एकदा तरी भरघोस पीक काढून दाखवीन. त्या शब्दाला चाळीस वर्षं होऊन गेली होती. भुईमूग लावला, रानडुकरांनी उकरून खाल्ला. मका लावला, तोही त्यांनीच खाल्ला. हरभरा नीलगायींनी संपवला. वावराच्या कडेला झोपडी बांधून रेमला आणि सुनी हे पावरा आदिवासी जोडपं राहत होतं. निम्म्या वाट्यानं तेच तिथं कसत होते, पण वाटा व्हायला मागे काही उरायचंच नाही.

फॉर्ममध्ये "घ्यावयाचे पीक" असा एक रकाना असतो. नानांनी तो कोरा ठेवला.

"नाना, पीक लिहा."

"इचार चालू शे."

"कशाचा?"

"त्यानाच त इचार चालू शे."

मला रिकामा रकाना सहन होत नाही. हा माझा स्वभाव म्हणा, खोड म्हणा. चहा मागवला, दुसरा मागवला. दुसऱ्या चहाला नाना खुर्ची जवळ ओढून म्हणाले की एक पाव्हणा आला होता. पांढऱ्या गाडीतून. शिरपूरकडचा म्हणाला, पण बोलणं तिकडचं वाटलं नाही. तो म्हणाला, तुमच्या त्या वावरात गांजा लावा. बी आम्ही देऊ, माल आम्ही नेऊ. जागा अशी आहे की तिथं चिटपाखरू येत नाही.

"नाना, गांजा?"

"हळू बोला भाऊ. भीतले बी कान ऱ्हातस."

मी त्यांना कायदा सांगितला. पकडलं तर जामीन मिळणं मुश्किल, तुरुंग, अब्रू, सगळं सांगितलं. नाना शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ते बठ्ठं माले माहीत शे. जे माहीत शे त्याना इचार काय करानं? माले येगळाच इचार पडना. पाव्हना बोलना, डुकर त्याले तोंड लावस नही. काबरं? काय शे त्यामा? जे डुकरले समजस ते मानूसले समजत नही का?"

 खरं सांगायचं तर, मलाही कुतूहल वाटायला लागलं. नानांच्या सहवासात हा धोका होताच. चुकीच्या गोष्टीबद्दलसुद्धा ते इतक्या निर्मळपणे विचारत की ऐकणारा चूक विसरून प्रश्नाच्या मागे लागे. पण त्या सगळ्याच्या तळाशी अक्काला दिलेला शब्द होता. माणूस सत्तरीला आला होता आणि जंगली जनावरं ज्याला शिवत नाहीत असं एक पीक कुणीतरी त्याच्या हातावर ठेवत होतं.

नानांच्या घरात एक चाल होती. त्यांच्या वडलांनी घालून दिलेली. एखाद्या वावरात नवीन पीक घ्यायचं असलं की आधी तिथं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत एक दिवस नुसतं बसायचं. काम करायचं नाही, गवताची काडीसुद्धा उपटायची नाही. डाव्या खिशात ज्वारीचे दाणे भरून न्यायचे आणि जो कुणी वावरातून किंवा वावराजवळून जाईल त्याच्या नावानं एक दाणा उजव्या खिशात टाकायचा. माकडं कुठून येतात, ढोरं कुठून शिरतात, वाटसरू कुठं पाणी प्यायला थांबतो, हे त्यातून कळतं. नाना त्याला वावराची हजेरी म्हणत. गांजासाठी तर हजेरी घेणं भागच होतं, कारण सगळा सौदाच त्या जागेच्या एकांतावर होता.

"तुम्ही बी या भाऊ. एकटा बसं म्हंजे मानूस सोताशीच बोलस, अन गनती चुकस."

मी गेलो. जायला नको होतं, पण गेलो. आदल्या दिवशी यावलला मुक्काम केला आणि पहाटे कुणाच्या तरी मोटारसायकलवरून शेवटच्या वस्तीपर्यंत. पुढे चालत. झोपडीपाशी रेमलानं पाणी दिलं. तिशीचा, हसरा, कमी बोलणारा. सुनी ज्वारी पाखडत होती. तिनं आम्हाला बघून पदर सारखा केला आणि पाखडणं चालू ठेवलं. नाना तिच्याशीही काही बोलले नाहीत, रेमलाशीही फारसे बोलले नाहीत. त्यांचं लक्ष वावराकडे होतं. आम्ही मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो.

मला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत नानांचा उजवा खिसा रिकामाच राहणार. एवढी शांतता की सागाचं पान पडलं तरी आपण दचकावं. पण साडेसातला तेंदूची पानं तोडायला निघालेल्या सहा बाया आल्या. त्यांनी थांबून आमची विचारपूस केली. मग एक माणूस हरवलेली म्हैस शोधत आला. मग शेळ्या घेऊन एक म्हातारा. पाड्यावरच्या बाळंतिणीला बघायला निघालेल्या आशाताई, त्या छत्री घेऊन भरभर गेल्या. वनखात्याचा एक वॉचर आला, पाणी मागून घेतलं आणि दहा मिनिटं बदलीबद्दल बोलला. मध काढणारे दोघे गेले. रस्ता चुकलेला साड्या विकणारा, मोटारसायकलवर गाठोडं बांधून. त्याला वाटलं, आम्ही गिऱ्हाईक आहोत. दुपारी एक तरुण जोडपं नाल्यातून वर आलं, आम्हाला बघून लाजलं आणि आल्या पावली परत फिरलं. नानांनी दोन दाणे टाकले आणि म्हणाले, "बिचारासले आपलीच अडचन व्हयनी."

चार वाजता तर कहर झाला. नाल्याच्या वाटेनं धापा टाकत एक गृहस्थ वर आले, मागून त्यांचा ड्रायव्हर. इस्त्रीचे कपडे, हातात पिशवी. आम्हाला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"नाना, तुम्ही आठे शेतस व्हय. घरले गयतू ते अक्का बोलन्या, सासरावाडीना वावरमा बठेल शेतस. इकडे यावलले पत्रिका देवान्या व्हत्याच. म्हनं, नानासले हातमा देवाशिवाय जावानं नही."

त्यांच्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडे पत्रिका माणसाच्या हातात गेली पाहिजे. नाहीतर रुसवेफुगवे पुढे दोन पिढ्या चालतात. त्या गृहस्थांनी सातपुड्याच्या जंगलात, मोहाच्या झाडाखाली, पिशवीतून हळदकुंकू काढून पत्रिकेला लावलं, नानांच्या हातात दिली, "सहकुटुंब या" म्हणाले, ओळख नसताना मलाही एक दिली आणि उतरून गेले.

नानांनी शेवटचे दोन दाणे टाकले आणि उजवा खिसा उलटा करून मोजले. सतरा. ते इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊ, धरणगावना स्टँडवर बी इतला वयखीना लोके भेटतस नही."

मला वाटलं, प्रश्न मिटला. पण उत्तर मिळाल्यावर गप्प बसतील तर ते नाना कसले. उतरताना ते म्हणाले, "सतरा गयात हाई खरं. पन गयात म्हंजे दखं असं नही. म्हैसवाला म्हैसच दखस. वावरमा काय लायेल शे ते कोन दखी?" आणि मग त्यांना ती कल्पना सुचली. अंबाडी. अंबाडीचं पान हाताच्या बोटांसारखं फाटलेलं असतं, दुरून गांजाच्या पानासारखंच दिसतं. वावरात बाहेरून ज्वारी आणि मधोमध अंबाडी पेरायची. कुणाच्या नजरेला आली तर समजायचं की ती जागा कामाची नाही. नाही आली तर मग पुढचा विचार. आणि काहीच नाही तर भाजी तरी होईल. खानदेशात अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी कोण नाही म्हणेल?

मी हे ऐकून त्यांना टाळी दिली. ती टाळी मला आजही बोचते. त्या क्षणी मला ती शुद्ध विज्ञानातली चाचणी वाटली. कायदा मोडायचा नाही, कुणाचं काही बिघडायचं नाही आणि उत्तर मिळायचं. पेरणीच्या वेळी नानांनी रेमलाला एवढंच सांगितलं, "हाई काय शे असं कोनी इचारं ते सांगू नको. गम्मत शे." रेमलानं मान हलवली.

सप्टेंबरात, सकाळी अकराच्या सुमारास नानांचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"भाऊ, अंबाडी हाई अंबाडीच शे असं तुमले कागदवर लिखी देता येई का?"

कुणीतरी बघितलं होतं. सतरातल्या कुणी की अठराव्यानं, ते कधी कळलं नाही. खबर गेली आणि सकाळी दोन पोलीस वावरात आले. दोघेही नवीन, घाटावरचे होते. हिरव्या अंबाडीच्या घट्ट ओळी आणि भोवती ज्वारीची भिंत, हे बघून कुणालाही संशय आला असता. त्यांनी रेमलाला विचारलं, हे काय लावलंय? रेमला म्हणाला, माहीत नाही. कुणी लावलंय? माहीत नाही. कशासाठी? माहीत नाही. तो जन्मल्यापासून अंबाडी खात आला होता. पण नानांनी सांगितलं होतं, सांगू नको. त्यांनी त्याला गाडीत घातलं.

मी यावलमार्गे पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. रेमला ठाण्यात भिंतीला टेकून फरशीवर बसला होता. नाना त्याच्या शेजारी, फरशीवरच. त्यांना खुर्ची दिली होती, ती रिकामी होती. त्यांनी कधीच सगळं कबूल करून टाकलं होतं, पण गांजाऐवजी अंबाडी लावून बघितली हे कुणाला पटणार? ठाण्याच्या साहेबांना वाटलं, म्हातारा गड्याला वाचवतोय. बाहेर कडुनिंबाखाली सुनी बसली होती. गाडीमागे ती अनवाणी धावली होती, मग चालत आली होती. गाडी निघताना कुणीतरी तिला सांगितलं होतं की आता तुझा नवरा दहा वर्षं दिसणार नाही. सकाळपासून ती ते धरून बसली होती. मी तिला बिस्किटाचा पुडा दिला. तो तिनं बाजूला ठेवला.

मी माझं ओळखपत्र दाखवलं आणि अंबाडी ही अंबाडीच आहे असं सांगितलं. साहेब म्हणाले, "तुम्ही मातीचे ना?" हे बरोबर होतं. कृषी खात्याच्या माणसाला बोलावणं गेलं होतं. तेवढ्यात जेवणाच्या सुट्टीवरून एक महिला कॉन्स्टेबल आल्या. टेबलावरच्या जप्त झाडाकडे बघितलं, एक पान खुडलं, तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "साहेब, आंबट आहे. माझी आई यात शेंगदाणे घालते." ठाण्यात कुणी हसलं नाही. पुढचं सगळं रीतसर व्हायला साडेचार वाजले, पण त्या आंबट पानापाशीच प्रकरण संपलं होतं.

बाहेर आल्यावर रेमला नानांना म्हणाला, "तुमी बोलले, कोनाला सांगू नको. मी नाय सांगला." त्यात तक्रार नव्हती. दिलेलं काम पुरं केल्यावर माणूस सांगतो, तसं त्यानं सांगितलं.  सुनी उठली, नवऱ्याच्या दंडाला हात लावून बघितला आणि चालायला लागली. तिनं नानांकडे बघितलं नाही.

पाव्हणा पुन्हा आला, ते मला इंदूअक्कांनी सांगितलं. अक्का यावलकडच्या, त्यांची बोली अजून तिकडचीच. "पाहुना आला, खाटेवर बसला. यायनं त्याले सांगतलं का ती जागा एकांताची नाही, तिथी लोकं राहाता. तो म्हने, कोन राहातं? तो पावरा? हे म्हने, हो, तोच. अन् उठून गोठ्यात चालले गेले. मग मीच पाहुन्याले दार दाखोलं." नंतर त्या नानांना म्हणाल्या होत्या, "माह्या बापाच्या वावरात काही नाही पिकलं तरी चालीन. मले ते पडीक पाहाची सवय हे." चाळीस वर्षांचा शब्द असा त्यांनी एका वाक्यात सोडून दिला. नाना त्यावर म्हणे रडले. मी ते बघितलेलं नाही.

पुढचं आधीच सांगून टाकतो, कारण शेवट मला त्यावर करायचा नाही. त्या थंडीत नाना झोपेतच गेले. रेमला आणि सुनी दारावर आले होते. ते आजही त्या वावरातच आहेत, आणि तिथं काय पेरायचं ते अक्का त्यांनाच विचारतात. पण ऑक्टोबरात हे काही ठरलेलं नव्हतं. ज्वारी कापून झाली की आम्ही सुनीच्या बापाच्या पाड्याला जाऊ, असा रेमलाचा निरोप आला होता. निरोप आल्यापासून नाना जेवत नव्हते, असं अक्का म्हणाल्या. नानांनी मला फोन केला. म्हणाले, "भाऊ, येशात का? माले एकलं जावानं धाडस नही."

आम्ही दुपारी पोहोचलो. झोपडीबाहेर दोन गाठोडी बांधून ठेवलेली होती. रेमला आम्हाला बघून उठला, खाट पुढे केली. नाना बसले नाहीत. "रेमसिंगभाऊ," ते म्हणाले. इतकी वर्षं ते त्याला रेमला म्हणत, आणि अरेतुरे करत. "मन्ही चूक व्हयनी." रेमला संकोचला. जमिनीकडे बघत म्हणाला, "मला काय नाय नाना. तिला बोला. ती माझ्याशी पन बोलत नाय."

सुनी दारात बसून ज्वारी निवडत होती. नाना तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. त्यांचं डोकं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. कपाळ काळं आणि वर पार गोरं होतं. सुनीनं त्यांना बराच वेळ तसंच उभं ठेवलं. मला ते बघवत नव्हतं, आणि तिथून हलावंसंही वाटत नव्हतं.

मग मान वर न करता ती म्हणाली, "नाना, तुमी सगळ्यांना विचारता. आता मी विचारते."

"इचार बाई."

"ते पेरलं, तवा आमी दोघं तुमच्या ध्यानात होतो का?"

 होतात असं म्हणणं सोपं होतं. कुणीही म्हटलं असतं. मीसुद्धा मनातल्या मनात त्यांना तेच म्हणायला सांगत होतो.

"नही," नाना म्हणाले. "नव्हतात."

सुनीनं पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघितलं. मग तिनं शेजारचं पोतं ओढून दारापुढे पसरलं. नाना त्यावर टेकले, खाली, तिच्यापेक्षाही खाली. ती काहीतरी बोलायला लागली, अर्धं पावरीत, अर्धं आमच्या बोलीत. गाडीमागे धावली तेव्हापासूनचं ती सांगत असावी. मला सगळं कळत नव्हतं आणि ते माझ्यासाठी नव्हतंही. माझी साडेचारची बस होती, म्हणून मी निघालो. वळणावरून मागे बघितलं तेव्हा नाना तसेच, टोपी मांडीवर ठेवून बसलेले होते, आणि बोलत ती होती.